नकारांची वही

फेरी लागली की धक्क्यावरून वर येणारी पावलं
मी पाठमोरी असले तरी ओळखते.
ऑर्कनीच्या या बेटावर माणसं दोनशेच्या आत,
दुकान एकच, आणि ते माझं:
पाव, बटाटे, मेंढ्यांची औषधं, टपालाची तिकिटं,
मागे राखाडी झडपेचं कपाट.
त्याची किल्ली माझ्या गळ्यात.

कार्ड दाखव, मी म्हणते.
एर्लेंड वैतागतो: मेरन, तू मला ओळखत नाहीस?
ओळखते की.
तू जन्मलास त्या रात्री वादळ होतं,
हेलिकॉप्टरला जागा दिसावी म्हणून
फ्लेटांच्या कुरणात आम्ही सहा जण टॉर्च धरून उभे होतो.
तुझी तारीख तुझ्या आईइतकीच मला पाठ.
म्हणूनच सांगते, अजून सात महिने.

पोरं ताकाला येतात, भांडं लपवतात.
आधी च्युइंगगम, मग पेन्सिल, मग हवापाण्याच्या गप्पा,
आणि नजर सारखी झडपेकडे.
मासेपालनावरचा एखादा नवा कामगार
एरवी ओढतो त्यापेक्षा एक पाकीट जास्त मागतो,
तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघते:
भिंतीशी टेकलेल्या सायकली किती?

इनगाला कामावर ठेवलं तेव्हा
तिचे हात थरथरायचे. समोर तिच्याच वर्गातली मुलं.
तिला एवढंच शिकवलं:
नाही म्हणताना कारण देऊ नकोस.
कारण दिलंस की घासाघीस सुरू होते.
आणि विचारायचं सगळ्यांना,
म्हणजे कुणाचं तोंड पाहून न्याय करावा लागत नाही.

मग वहीत लिहायचं. तारीख, वेळ, काय मागितलं.
कोरी वही म्हणजे चांगलं दुकान नव्हे,
कोरी वही म्हणजे झोपलेलं दुकान.
तपासनीस बाई वर्षातून एकदा येतात, पानं उलटतात,
पहिल्या पानाशी थांबतात.
हे काय?

पहिल्या पानावर नकार नाही.
तेव्हा मी सोळाची, वडील मेंढ्या मोजायला गेलेले,
गल्ल्यावर मी.
सँडी रेंडल आला. तेरा वर्षांचा. बाबांसाठी, म्हणाला.
त्याचे बाबा ओढत नव्हते.
हे मला माहीत होतं.
त्याच्या पापण्या लांब होत्या, हेही.
मी दहाचं पाकीट दिलं.
ही वही पुष्कळ नंतरची,
पण सुरुवात तिथून झाली, म्हणून ते पान त्याचं.

सँडी आता साठीपार.
धक्क्यापासून दुकानापर्यंत तीनदा थांबतो,
कुंपण बघतोय असं दाखवतो.
जन्मतारीख? मी रोज विचारते.
तो रोज सांगतो, मध्ये खोकतो,
आम्ही दोघं हसतो. मी किल्ली काढते.

आज सकाळी एर्लेंड आला.
कार्ड काउंटरवर असं ठेवलं, जणू हुकमाचं पान.
मी वजाबाकी केली. दोनदा केली.
बरोबर होती.
त्याच्यामागे रांगेत सँडी, श्वास गोळा करत.
एर्लेंडने मागे वळून पाहिलं,
मला वाटलं, आता पाव मागेल.

त्याने वीसचं मागितलं.

झडप जरा अडकते, ती उघडायला वेळ लागतो.
आज मी तिला घाई केली नाही.
पण उघडली.
कायदा माझ्या दाराच्या उंचीचा आहे,
दारापुढचा रस्ता त्याचा नाही, माझाही नाही.
सुटे पैसे मोजून दिले. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.
सँडी काहीच बोलला नाही. त्यानेही टोपी काढली नाही,
नुसती कुंपणाकडे बघावी तशी
पोराच्या पाठीकडे बघत राहिला.

दुपारी दुकान रिकामं झालं.
मी वही काढली, शेवटचं पान नाही,
पहिलं उघडलं.
सँडीच्या नावाखाली जागा होती.